मशीनवर भाव ठरवू नकोस

लातूर,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

शरीरात बसवायचे धातूचे भाग बनवणारा तुझा कारखाना विकायचा जो आकडा तू सांगितलास, तो वाळूजहून आल्यापासून डोक्यातून जात नाही. गाळा, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी कापयंत्रं), धातूचा थ्रीडी प्रिंटर, त्यातून कर्ज वजा. सीएचं गणित चुकलेलं नाही, पण ते भंगाराच्या भावाचं गणित आहे. आपल्याकडे शेत घ्यायला आलेला माणूस बोलतो एकरावर, नजर ठेवतो विहिरीच्या झऱ्यावर. तुझ्याकडे आलेली मंडळी झऱ्यासाठीच आलीत, गड्या.

बारा वर्षं मी कंपन्या विकत घेणाऱ्यांच्या बाजूने बसलो, म्हणून सांगतोय. कृत्रिम सांधे बनवणाऱ्या झिमर या मोठ्या अमेरिकी कंपनीने 2004 साली इम्प्लेक्स ही छोटी कंपनी घेतली, ती टँटलमसाठी. स्पंजासारखा सच्छिद्र धातू, जवळपास 80 टक्के पोकळ, हाड त्यात वाढत जाऊन पक्कं बसतं. एकदा तो धातू हाती आला की खुबा, गुडघा, खांदा, सगळीकडे वापरता येतो. डिझाइनची नक्कल लवकर होते. धातू शरीरात टिकतो हे सिद्ध करायला मात्र वर्षं जातात, आणि मोठ्या कंपन्या ती वर्षंच विकत घेतात. इम्प्लेक्सच्या व्यवहारात काही रक्कम आधी दिली, बाकीची पुढे विक्री वाढेल तशी. हे नीट लक्षात ठेव.

त्या दिवशी तू मणक्याचा केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा आधार) माझ्या तळहातावर ठेवलास आणि पाण्याचा थेंब टेकवलास. टिपकागदाने ओढावा तसा तो आत गेला. मी मात्र त्याहून जास्त वेळ तुझी हिरवी वही पाहत होतो. टायटॅनियमच्या पावडरीचा लॉट, ती कितव्यांदा वापरली, ऑक्सिजन किती चढला (तो वाढला की धातू ठिसूळ होतो), कोणता तुकडा कुठल्या तपासणीत तुटला. फसलेले लॉटसुद्धा तू खोडले नाहीस. दत्ता, ती वही तुझ्या प्रिंटरपेक्षा महाग आहे.

कारण 2010 नंतर घेणारे फार सावध झालेत. डेप्यू या कंपनीचा धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवावा लागला, सुमारे 93,000 रुग्णांना बसवलेला. झिजेतून कोबाल्ट-क्रोमियम अंगात उतरत होतं. तेव्हापासून ताळेबंदाच्या आधी झिजेची कागदपत्रं मागतात.

आपल्याकडे तर सरकारी भावसुद्धा धातूवर ठरतो. 2017 च्या आदेशात कोबाल्ट-क्रोमचा कृत्रिम गुडघा जास्तीत जास्त 54,720 रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा 76,600, जीएसटी वेगळा. भावाला वरून टोपी बसली की नफा उरतो तो कमी खर्चात चांगला धातू बनवणाऱ्याकडे. म्हणून मोठ्यांची पावलं वाळूजच्या गाळ्याकडे वळतात.

तेव्हा एकरकमी घेऊन मोकळा होऊ नकोस. काही रोख, काही पुढच्या विक्रीवर. करार होईपर्यंत वही दाखव, फोटो काढू देऊ नकोस. आणि प्रिंटरवरचा तो गंगापूरचा पोरगा. लेझरची सेटिंग त्याच्या हातात आहे. त्याची नोकरी आणि काम वाळूजमध्येच राहील, हे कागदावर घे. ते सही करायला कां-कूं करत असतील तर समज, त्यांना झरा उपसून न्यायचाय. मला त्याचीच भीती वाटते.

शनिवारी ये. प्रस्तावाची सगळी पानं आण, परिशिष्टंही. वहिनींनाही घेऊन ये, आईने त्यांच्यासाठी हुरडा राखून ठेवलाय.

तुझा,
सुधाकर