कंपवाताच्या रुग्णांच्या व्यायामवर्गासाठी आवाहन: माणसे, खुर्च्या आणि एक वादक हवा

पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात झालेला माणूस गप्प राहू लागला, आवडीच्या भजनालाही जाईनासा झाला, की घरचे म्हणतात, आळस भरलाय. तो आळस नव्हे. मेंदूतले डोपामिन हे रसायन घटते, तशी हालचालीबरोबर उमेदही घटते. उदासी आणि धास्ती हा या आजाराचाच भाग आहे. कित्येकांत तर ती हात थरथरू लागण्याआधीच सुरू होते. नियमित व्यायामाने चाल सुधारते, मनालाही उभारी येते. पण उमेदच आटलेल्या माणसाला ‘रोज चालायला जा’ सांगून भागत नाही. कोणीतरी त्याच्या दारात जावे लागते.

म्हणून पहिली मागणी माणसांची. फोंडा तालुक्यातला आमचा वर्ग आठवड्यातून दोनदा, सकाळी 10 ते 11 भरतो. रुग्णांना आणायला-पोहोचवायला गाडी असलेले 6 जण हवेत. वेळ चुकवून चालणार नाही: सकाळच्या गोळीचा असर असतो तेवढाच वेळ अंग मोकळे राहते.

सोबत करणाऱ्यांनी एवढे शिकून घ्यावे. दारात किंवा वळताना रुग्णाचे पाय जमिनीला खिळतात. तेव्हा हात धरून ओढू नका. धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबा. आधी डाव्या, मग उजव्या पायावर भार घ्यायला सांगा, मग ‘मोठे पाऊल टाका’ म्हणा. चालताना गप्पा नकोत, लक्ष पावलांवरून उडते.

वस्तूंत हव्यात हात असलेल्या 12 जड लाकडी खुर्च्या (प्लास्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते), फरशीवर दीड-दीड फुटावर आडवे पट्टे मारायला (ते बघून पाऊल टाकता येते) गडद रंगाची चिकटपट्टी आणि रक्तदाब मोजायचे एक यंत्र, कारण उठताच दाब उतरून अनेकांना भोवळ येते. पायपुसणी, सतरंज्या कृपया देऊ नका. फरफटणारे पाय त्यांत अडकतात. पावसात फरशी कोरडी ठेवायला एक माणूस मिळाला तर ते मोठे काम होईल.

शिवाय पावलांना ताल द्यायला तबला किंवा घुमट वाजवणारा हवा, पण लय न वाढवणारा! आरतीसारखा ठेका चढत गेला की रुग्णांची पावले आखूड होत धावू लागतात. एकसारखा ठेका अर्धा तास धरता आला तरी पुरे.

रोख रक्कम आम्ही घेत नाही. वर्ग सुरू असताना येऊन भेटा. वस्तूंची पावती तिथेच मिळेल.

— व्यायामवर्गाचे स्वयंसेवक, फोंडा