फायटर माशाची बरणीतून सुटका हवी

महोदय,
शोभिवंत माशांच्या दुकानांत बेट्टा, म्हणजेच फायटर मासा, पेलाभर पाण्यात मांडून ठेवला जातो आणि ‘याला जागा लागत नाही’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका खास अवयवाच्या साहाय्याने तो पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो, म्हणून तेवढ्या पाण्यात तग धरतो, इतकेच. त्याला साधारण २० लिटरची झाकण असलेली टाकी आणि संथ फिल्टर हवा. थायलंडच्या उबदार, उथळ पाण्यातल्या या जिवाला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांखाली उतरत असताना हीटर ही चैन कशी म्हणावी?

मासा घरी आणताच टाकीत ओतण्याची घाई तर सर्रास दिसते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग क्लोरीन काढलेले टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घालत जावे आणि शेवटी केवळ मासा जाळीने अलगद सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये. पहिल्या दिवशी दिवा मंद असावा. त्याने खाल्ले नाही तरी दाणे टाकत राहू नये, कारण कुजलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया वाढतो.

विक्रेत्यांनी माशासोबत एवढ्या सूचनांची छापील चिठ्ठी द्यावी, अशी विनंती आपल्या पत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक