मांजराचा कोरोना आणि आपला

संपादक साहेब, नमस्कार,

कोरोनावर पेपरात इतकं छापून आलं पण जनावरांच्या कोरोनाबद्दल धड काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितेय. माझी मांजर एफआयपी नावाच्या मांजरांच्या आजाराने गेली, पोटात पाणी झालं होतं, तेव्हा कळलं की हा पण कोरोनाच, कोविडवाला नाही, मांजरांचा वेगळा, माणसाला होत नाही. खूप मांजरांच्या आतड्यात तो असतो, फार तर थोडे जुलाब. पण एखादीच्या अंगात तो बदलतो, पांढऱ्या पेशींत घुसतो आणि मग जीवच घेतो. कोविडमध्ये एकाच घरात एकाला नुसती सर्दी अन् दुसऱ्याला ऑक्सिजन, हे बघून आपण चक्रावलो ना? कारण वेगळं असेल, पण हा प्रश्न मांजरांच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून छळत होता.

लसीचं पण तेच. एफआयपीच्या जुन्या प्रयोगांत लस दिलेली काही मांजरं उलट लवकर मेली, म्हणून कोविडच्या लसीत असं काही होतंय का हे शास्त्रज्ञ पहिल्यापासून तपासत होते, आणि तसं झालं नाही. कोंबड्यांचा कोरोना तर १९३१ पासून माहितीये, लसी आहेत तरी नवे नवे प्रकार येतच राहतात, मग आपल्याला बूस्टर लागला याचं एवढं आश्चर्य का वाटलं?

डुकरांचं सगळ्यात भारी. पिल्लांना जुलाबाने मारणाऱ्या व्हायरसच्या स्पाइकमधला (त्याच्या अंगावरच्या काट्यांमधला) एक तुकडा गळाला आणि तो व्हायरस आतडं सोडून फुफ्फुसात गेला, १९८४ला बेल्जियममध्ये सापडला, आणि आजार उलट सौम्य झाला. एवढ्याशा बदलाने अवयवच बदलला!

आणि औषध. २०१९च्या फेब्रुवारीत, म्हणजे कोविडच्या आधी, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाचा रिपोर्ट छापला, एफआयपीच्या ३१ मांजरांपैकी २५ वाचली. रेमडेसिव्हिर त्याचंच भावंड, शरीरात गेल्यावर त्याचं हेच बनतं. रेमडेसिव्हिरसाठी माणसं रांगेत उभी होती, पण मांजरांच्या औषधाला कित्येक वर्षं लायसनच नव्हतं, जगभरचे मांजरवाले ते चोरून मागवत होते. माझ्या मांजरीला मिळालंच नाही, ते अजून सलतं.

पुढच्या वेळी कोरोनाची बातमी करताना एखाद्या पशुवैद्यालाही फोन लावा एवढीच विनंती. आणि हे वाचून कुणी आपली मांजर घराबाहेर काढू नका प्लीज.

तुमची एक वाचक