टोकं जातात ती जोडताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कागदावर शिवायच्या क्विल्ट ब्लॉकची, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या एकेका चौकोनाची, माहिती आणि आठ टोकांच्या ताऱ्याचा नमुना दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र सराव झाला की टोकं आपोआप नीट येतात, हे लेखातलं म्हणणं पटत नाही. या पद्धतीत शिलाई छापील रेघेवरूनच जाते, त्यामुळे नवशिकीलाही ब्लॉकच्या आत अचूक टोक मिळतं. ते बिघडतं छपाईत, कडा कापताना आणि सर्वांत जास्त ब्लॉक एकमेकांना जोडताना. लेखात या तिन्ही गोष्टी राहून गेल्या.

अमेरिकन नमुने लेटर कागदासाठी असतात, रुंदी 216 मिमी. आपला ए-फोर 210 मिमी. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ राहिलं तर आकृती साधारण 97 टक्क्यांवर येते आणि 6 इंची ब्लॉक 4 मिमीने लहान होतो. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडावं आणि नमुन्यावरचा 1 इंचाचा चौकोन पट्टीने मोजूनच पुढे जावं.

कागद पातळ हवा, सुई 90/14 नंबरची आणि टाका 1.5 मिमी. नेहमीचा 2.5 चा टाका ठेवला तर भोकं विरळ पडतात, कागद सहज फाटत नाही आणि ओढताना शिलाईच सैल होते. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला, शिलाई छापील बाजूने, रेघेच्या दोन्ही टोकांना थोडी पुढेपर्यंत. मग पुढच्या रेघेवर कागद दुमडायचा, पाव इंच माया (शिलाईबाहेर राखायचं कापड) ठेवून जादा कापड कापायचं, तुकडा उलटून इस्त्री करायची. इस्त्री कोरडीच हवी, वाफेने कागद वाकडा होतो. शिलाईपाशी कापडाची बारीकशी चुणी राहिली तरी पुढचा तुकडा तिच्यावर बसतो आणि टोक सरकतं.

आता कडा. टोक आतल्या सलग रेघेला टेकतं, आणि त्या रेघेबाहेर चारी बाजूंनी पाव इंच, म्हणजे दोन सूत, माया राहायलाच हवी. टोक अगदी कडेला भिडलेलं छान दिसतं म्हणून तिथेच कापलं, तर जोडशिलाईत ते बुडतं. सुट्या ब्लॉकमध्ये टोक कडेपासून पाव इंच आतच दिसलं पाहिजे.

ब्लॉक जोडताना कागद तसेच ठेवावेत. वरच्या टोकातून टाचणी सरळ खाली घालून खालच्या ब्लॉकच्या टोकातूनच बाहेर काढायची आणि उभीच ठेवायची. ती आडवी केली की थर सरकतात. तिच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या टाचण्या लावून मग ती काढावी. टोकावरून आधी इंचभरच 4 मिमीचा कच्चा टाका मारावा आणि उघडून बघावं. जुळलं नसेल तर इंचभरच उसवावं लागतं. जिथे आठ टोकं एकत्र येतात तिथे माया दोन्हीकडे उघडून दाबली नाही तर गाठ उभी राहते. कागद मात्र चारी बाजू जोडल्यावरच काढावेत, कारण उरेब (तिरकी) कापलेली कड आधाराशिवाय ताणली जाते.

इतिहासाबद्दलही एक दुरुस्ती. लेखात उल्लेख असलेल्या इंग्लंडमधल्या 1718 सालच्या रेशमी पांघरुणात कागद आहेत हे खरं, पण ते साचे आहेत: कापड त्यांच्यावर दुमडून कडेला कड हाताने शिवलेली आहे. रेघेवर मशीन चालवायची ही पद्धत वेगळी.

आपण छापलेल्या ताऱ्यासोबत मोजणीचा चौकोनही नव्हता आणि बाहेरची मायेची रेघही नव्हती. ज्यांनी तो कापून ठेवला असेल त्यांच्यासाठी या दोन्हींसह नमुना पुन्हा छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे