भंगारात दे म्हणालास ना?

प्रिय दोस्ता,

पत्रास कारण की तुझी सायकल परवा चालली. हो तीच, 1991 ची माउंटन बाइक, जी माझ्याकडे टाकून गेलास आणि नंतर फोनवर "दे रे भंगारात" म्हणालास, आणि मी ती दुरुस्त करतोय कळल्यावर लगेच "करायचीच तर सगळी ओरिजिनल कर, नवे पार्ट लावून वाट लावू नको" असंही तूच म्हणालास. आता हे सगळं फोनवर सांगायला गेलो तर मधेच तू वाद घालणार, म्हणून लिहितोय, गपचूप वाच.

पहिले तीन आठवडे फक्त सीटपोस्टने, म्हणजे सीटखालच्या दांड्याने, खाल्ले. विनोद नाही करत. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट, त्यात इतकी वर्षं घाम आणि पावसाचं पाणी, आणि ग्रीसचं बोटसुद्धा कोणी लावलेलं नाही (कोणी म्हणजे तूच). दोन वेगळे धातू आणि मधे ओल, मग ॲल्युमिनियम खराब होतं आणि त्याची जी पांढरी भुकटी होते ना ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणजे पोस्ट आतल्या आत फुगून बसतो. आधी तेल सोडलं, फ्रेम उलटी टांगून खालून पण सोडलं, रोज थोडं थोडं. काही नाही. मग पोस्टचं डोकं व्हाइसमधे (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळलं आणि अख्खी फ्रेम धरून फिरवली, कट्ट असा आवाज आला, मी खुश, बघतो तर डोकंच तुटून हातात. शेवटी नुसतं हॅक्सॉ ब्लेड फडक्यात गुंडाळून नळीत घातलं आणि पोस्टला आतून उभी चीर पाडत बसलो. घाई करता येत नाही कारण जरा जास्त गेलं की फ्रेमच कापली जाणार. दर दहा-बारा वेळा घासलं की टॉर्च मारून बघायचं, चकचकीत चांदीसारखं दिसतंय तोवर ॲल्युमिनियम आहे, काळपट दिसलं की थांब. दोन चिरा झाल्यावर मधली पट्टी पक्कडीने आत दुमडली आणि मग तो मेला एकदाचा निघाला, खालच्या टोकाला बारीक अक्षरात 26.8 कोरलेलं, म्हणजे जाडी, मिमीत. मी तोपर्यंत 27.2 चा नवीन घेऊन ठेवला होता. अर्थातच.

बाकीचं त्यामानाने पटापट झालं. बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो मधला आस) खोलताना उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात हे मला आठवलं, आश्चर्यच, तू असतास तर पाना लावून लटकला असतास. आत छर्रे सगळे खड्डे पडलेले, म्हणून सरळ सीलबंद ब्रॅकेट टाकला. मागच्या चिमट्यात 135 मिमी जागा निघाली, त्यामुळे साधा आजचा हब (चाकाचा मधला भाग) सरळ बसला, फ्रेम वाकवायची वेळ आली नाही. टायर घेताना मात्र जपून, 26 इंच नुसतं बोलून चालत नाही, आपल्या रिमचा आकडा (व्यास, मिमीत) 559 आहे आणि जुन्या साध्या सायकलींच्या 26 इंची टायरचा 590, दोन्हीवर 26 च लिहिलेलं असतं आणि एक दुसऱ्यावर जन्मात चढणार नाही.

गिअरचं ऐक आता. पुढच्या तीन चकत्या काढल्या, एकच 34 दातांची ठेवली, हिचे दात एक जाड एक बारीक असे असतात त्यामुळे चेन उडत नाही आणि पुढचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा, लागतच नाही. मागे नऊ चकत्यांची कॅसेट, 11 ते 34 दातांची. पण गिअर बदलायचा शिफ्टर तुझाच जुना, अंगठ्याने ढकलायचा तो! त्याच्यावरची रिंग फिरवली की टकटक बंद होतं आणि नुसतं घर्षणावर चालतं, मग मागे सात असोत की नऊ, त्याला काही पडलेली नसते. गिअर नीट बसला का नाही हे कानाने ओळखायचं, खरखर आली की अंगठा केसभर मागे. मला तर हेच आवडायला लागलंय. पण खरं सांगतो, एका बाबतीत नुकसान झालं. पूर्वी सगळ्यात हलका गिअर पुढे 24 मागे 28 होता, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक एक फेरापण पुरा करत नव्हतं, आता 34 ला 34, बरोबर एकास एक. चढावर जाणवतं. नव्याने जुन्यापेक्षा जड केलं, हास आता.

आणि ब्रेक. इथे मी माती खाल्ली. जुने कॅन्टिलिव्हर ब्रेक काढून व्ही-ब्रेक, म्हणजे लांब उभ्या दांड्यांचे, लावले, खुंट्या त्याच असतात त्यामुळे छान बसले, आणि लिव्हर म्हटलं जुन्याच छान दिसतात, राहू देत. उभ्या उभ्या दाबून बघितलं तर ब्रेक लोण्यासारखा मऊ, म्हटलं वा. पहिल्याच उतारावर लिव्हर दाबली ती थेट हँडलला टेकली आणि सायकल आपली चाललीय, शेवटी पाय घासत झुडपात. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते आणि जुन्या लिव्हर तेवढी ओढतच नाहीत, एवढं साधं. गुडघा सोलला. दुसऱ्या दिवशी लिव्हर बदलल्या, गपगुमान.

तर ओरिजिनलचं तुझं म्हणणं. अरे ही जातच मुळात जुगाडाची आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमधे ते पोरं 1976 साली डोंगरावरून शर्यती लावायचे ना, ते जुन्यापुराण्या जाड टायरच्या सायकलींवर, आणि काहींनी त्यांना गिअर बसवलेले, मोटरसायकलच्या ब्रेक लिव्हर लावलेल्या, मिळेल ते. त्या उताराचं नावच रिपॅक, कारण मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचलं की परत भरावं लागायचं. मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली ती त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मधे, आणि दुकानात रांगेने मिळायला लागल्या 1981 पासून. मग ओरिजिनल कशाला म्हणायचं तूच सांग.

हँडल मात्र तुझं ऐकून फार रुंद नाही केलं, 680 मिमी. हँडल धरणारा स्टेम लांब होता तो 80 मिमीचा केला, त्याहून आखूड केला असता तर या फ्रेमची वरची नळी आखूड असल्यामुळे गुडघे हँडलला लागले असते. रंगाला हात लावलेला नाही. वरच्या नळीवरचा पोचा आहे तसाच आहे, तू पडलास आणि दगडाला शिव्या देत बसलास तो.

आता एक काम कर. तुझ्या उंचीची खूण त्या जुन्या पोस्टवर चिकटपट्टीने केलेली होती, ती गेली पोस्टबरोबर कापली. टेप घे आणि आत्ता जी सायकल चालवतोस तिच्यावर क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) मधल्या बोल्टपासून सीटच्या वरपर्यंत किती भरतं ते मोजून कळव. सेंटीमीटरमधे. अंदाजे नको.

तुझा,
गुडघा सोललेला मित्र