सगळ्या गाड्या टायमात होत्या तरी बोट चुकली, रिफंड मिळणेबाबत (दुसरी तक्रार)

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब / मॅडम,

विषय: हाट याई (थायलंड) ते क्वालालंपूर (मलेशिया) जॉइंट तिकीट, दोन पॅसेंजर, पैसे परत मिळणेबाबत.

नमस्कार,

पहिल्या मेलला तुमच्याकडनं उत्तर आलं की समुद्रातल्या परिस्थितीमुळे झालेल्या विलंबाला कंपनी जबाबदार नाही. साहेब, विलंब झालाच नाही हो, तीच तर माझी तक्रार आहे. त्या दिवशी व्हॅन टायमात, स्पीडबोट टायमात, दुसरी बोट तर दोन मिनिटं आधीच लागली, समुद्र म्हणाल तर रंकाळ्यासारखा शांत. तरी पुढची बोट चुकली कारण तुम्ही विकलेलं कनेक्शन कागदावरच चुकलेलं होतं.

परत पहिल्यापासनं सांगतो, कारण आधीचा मेल कुणी पूर्ण वाचलेला दिसत नाही. मी आणि माझे मामा, मामा म्हणजे एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर, वय ६६, आम्ही फेब्रुवारीत बँकॉकला उतरून खाली खाली येत क्वालालंपूरवरनं मुंबईचं विमान पकडायचं असा स्वस्तातला दौरा काढला होता. हाट याईवरनं रेल्वेनं पदांग बेसारला बॉर्डर ओलांडायची आणि तिथनं मलेशियाची रेल्वे पकडून सरळ क्वालालंपूर, हे मामांचं मत होतं. पण तुमच्या कोल्हापुरातल्या काउंटरवरचा पोरगा म्हणाला सर समुद्रावरनं जावा, नजारा बघत जाता येतंय, एकाच तिकिटात सगळं, तुम्ही नुसतं बसायचं. माणशी ७,९०० रुपये भरले. व्हॅननं पाक बारा, स्पीडबोटीनं को लिपे बेट, तिथनं बोटीनं मलेशियाचं लंकावी बेट, मग फेरीनं क्वाला पर्लिस आणि तिथनं रात्रीची बस, असे पाच टप्पे एका दिवसात.

सकाळी सातला हाट याई सोडलं, दोन तासात पाक बारा. स्पीडबोट मधे को खाई बेटाला थांबली, तिथं दगडाची नैसर्गिक कमान आहे, सगळे फोटो काढायला उतरले, मामा पण. इथपर्यंत तुमच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. लिपेला किनाऱ्यावर उतरायला लांबलचक होडीचे माणशी ५० बाट वेगळे घेतले ते तिकिटात लिहिलं नव्हतं, पण तेही सोडून देतो. (लिपेच्या त्या किनाऱ्याचं नाव पट्टाया बीच आहे आणि तुमच्या तिकिटावर नुसतंच 'पट्टाया बीच, रिपोर्टिंग' असं छापलंय. ते तिकीट घरी मामींच्या हाताला लागलं आणि मामांना अजून त्याचा खुलासा द्यावा लागतोय. ह्याची भरपाई मागत नाही, पण निदान बेटाचं नाव तरी लिहीत जावा.)

आता मुद्द्याची गोष्ट. तिकिटावर छापलंय लिपे सुटणार ४:००, लंकावी पोच ५:३०, लंकावीवरनं फेरी ७:००. वाचणाऱ्याला वाटतं मधे दीड तास आहे, आरामात चहा पिऊन जाऊ. पण लिपेचे चार थायलंडचे आणि फेरीचे सात मलेशियाचे, आणि मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढं असतंय. म्हणजे लिपेवरनं चारला सुटलेली बोट लंकावीला साडेपाचला नाही, साडेसहाला लागते. दीड तासाचा झाला अर्धा तास, त्यात इमिग्रेशनची लाइन, बॅगा, सगळं आलं. आणि हा काय गेल्या आठवड्यात बदललेला नियम नव्हे, १ जानेवारी १९८२ ला मलेशियानं आपल्या पश्चिम भागातली घड्याळं अर्धा तास पुढं केली तेव्हापासनं हा एक तासाचा फरक आहे. तुमच्या कंपनीत टाइमटेबल बनवणारा जो कोण आहे त्याच्या जन्माआधीची गोष्ट असंल ही.

मामांनी आख्खा दौरा घड्याळ भारताच्या टायमालाच ठेवलं होतं, मी हसत होतो त्यांना. बोटीत बसल्या बसल्या त्यांनी तिकीट मागून घेतलं, बोटं मोडत हिशेब घातला आणि म्हणाले, "अरं भाच्या, माझ्या घड्याळात ही बोट चारला लागत्या आणि फुडची साडेचारला सुटत्या. ह्याला कनेक्शन म्हणत न्हाईत." मी म्हटलं मामा तिकिटावर छापलंय की, एवढी मोठी कंपनी आहे. माझा फोन रोमिंग नसल्यानं थायलंडच्याच टायमाला होता, लंकावीत उतरलो तेव्हा ५:२८ दाखवत होता, आणि ऊन पण तसंच कडक, कारण तिकडं फेब्रुवारीत सूर्य मावळायलाच साडेसात वाजतात. मी निवांत. इमिग्रेशनची लाइन संपून बाहेर आलो तर भिंतीवर ६:५५. मामांनी मनगट माझ्या तोंडासमोर धरलं, ४:२५. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्यात दुसरी भानगड अशी की तिकिटावर दोन्ही ठिकाणी 'लंकावी जेट्टी' एवढंच छापलंय. लिपेची आमची बोट लागली तेलागाला, बेटाच्या पश्चिम टोकाला, आणि क्वाला पर्लिसची फेरी सुटते कुआवरनं, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. मधे साधारण ३० किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर आणि इचलकरंजी दोन्ही स्टँडला नुसतं 'स्टँड' लिहिल्यासारखं झालं की हे. ह्या ३० किलोमीटरची गाडी तुमच्या पाच टप्प्यात कुठंच नाही, म्हणजे घड्याळाचा घोळ नसता तरी आमचं अवघडच होतं. इथला वडापवाला सुद्धा पॅसेंजरला कुठल्या नाक्यावर उतरवणार ते आधी सांगतो.

टॅक्सीनं कुआला पोचलो तोवर साडेसात झाले होते. शेवटची फेरी गेलेली, काउंटर बंद. जेट्टीजवळ गरुडाचा १२ मीटर उंच पुतळा आहे, त्याच्या खाली बॅगा ठेवून बसलो. तुमच्या हेल्पलाइनला तीन कॉल केले, तिन्ही वेळा तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं ऐकलं. मामा म्हणाले "चल, आज आपली मुक्कामी ड्युटी" आणि उठून लॉज शोधायला लागले. ३१ वर्षं नोकरीत पॅसेंजरचं कनेक्शन चुकू नये म्हणून त्यांनी डायव्हरला थांबवलंय, असं ते सांगत होते, आणि मला तिथं मान वर करवत नव्हती कारण पैसे मीच भरले होते.

खर्च असा, टॅक्सी ५० रिंगिट, लॉज १२०, दुसऱ्या दिवशीची फेरी दोघांची ७० आणि बस दोघांची १२०, कारण रात्रीची बस बुडाली ती बुडालीच. एकूण ३६० रिंगिट, कार्डाच्या स्टेटमेंटप्रमाणे ७,४०० रुपये. विमान त्याच्या पुढच्या दिवशी होतं म्हणून निभावलं, तेही मामांनी एक दिवस हातात ठेवायला लावला म्हणून.

अजून एक. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरून देतो म्हणून तुम्ही माणशी ५०० रुपये घेतलेत. ते कार्ड त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर फुकट भरता येतं, हे मला लाइनीत पुढं उभ्या असलेल्या पोरीनं सांगितलं. बिलात तुम्ही ह्याला 'सरकारी शुल्क' लिहिलंय. सेवा शुल्क लिहिलं असतं तर माझा मूर्खपणा म्हणून गप्प बसलो असतो.

म्हणून मागणी ७,४०० अधिक १,००० म्हणजे ८,४०० रुपये. शिवाय त्या तिकिटावर दोन्ही देशांचे टाइम आणि दोन्ही जेट्टींची नावं छापा, नाहीतर तो रूट विकायचा बंद करा, सीझन मे पर्यंत आहे, अजून लोक जाणार. तुमच्या अटींमधे वाद फक्त मुंबईच्या कोर्टात असं बारीक अक्षरात आहे ते वाचलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. पंधरा दिवस वाट बघतो.

तिकीट, टॅक्सी आणि लॉजच्या पावत्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो सोबत जोडलाय. पैसे ज्या खात्यातनं भरले त्याच खात्यात जमा करावेत, पुढच्या ट्रिपचं कूपन पाठवू नये.

कळावे,
आपला ग्राहक, कोल्हापूर