गोळ्या मिळतात, बोलणारं माणूस मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन आला की ‘नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा बिघाड’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचा उपयोग झाला, हे खरंच. ‘नाटकं करतोय’ म्हणणारे घरचे त्यामुळे दवाखान्यापर्यंत आले. पण पुढे काय?

माझ्या धाकट्या भावाची कापसाची शेती. नापिकीनंतर त्याने बोलणंच टाकलं. त्याचा सरकारी दवाखान्यातला केसपेपर माझ्याजवळ आहे. झोप कशी, भूक कशी, आणि खाली ‘रिपीट’, म्हणजे त्याच गोळ्या पुन्हा. पुढच्या तारखेलाही तेच. गोळ्यांनी त्याला झोप लागली, त्याबद्दल मी डॉक्टरांची ऋणी आहे. बाहेरची रांग पाहता त्यांनी तरी किती बोलावं? पण वावरात जाणं का सोडलं, पारावर का बसत नाही, बँकेची नोटीस आल्यापासून स्वतःला काय समजतो, हे त्याला कुणीच विचारलं नाही.

मानसशास्त्र नेमकं इथूनच सुरुवात करतं. खचलेला माणूस कामं टाळतो, माणसं टाळतो. टाळल्यामुळे दिवसात बरं वाटण्यासारखं काही उरत नाही, आणि तो आणखी खचतो. ‘बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन’ या उपचारात समुपदेशक रुग्णासोबत त्याचा दिवस कागदावर मांडतो आणि झेपेल असं एकच काम ठरवतो. मन लागेल तेव्हा नव्हे, उद्या सकाळी आठला बैलांना पाणी पाजायला मीच जाईन, एवढंच. पुढच्या भेटीत ते जमलं का, नसेल तर कुठे अडलं, यावर बोलणं होतं.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर हे करून पाहिलं. सहा ते आठ बैठका घेणारे समुपदेशक स्थानिक होते. मानसोपचाराची पदवी नव्हती, पण प्रशिक्षण आणि देखरेख पक्की होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले; केवळ केंद्रातले नेहमीचे उपचार, थोडे सुधारून, मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आमच्याच अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्या माणसांना तयार केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे विदर्भात झालं आहे, परदेशात नाही!

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या गंभीर मानसिक आजारांत औषधं मनानेच बंद करू नयेत, हे स्पष्ट सांगते. पण तिथेही घरात सतत टोमणे आणि दोषारोप असतील तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. कुटुंबाला आजार समजावून सांगितला, वागण्याची पद्धत शिकवली, तर ती कमी होते. म्हणजे घरच्यांशी बोलणं हाही उपचारच झाला.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर असणं अपेक्षित आहे. कोणत्या जिल्ह्यात ही पदं रिकामी आहेत, हे आरोग्य खात्याने जाहीर करावं आणि आपण ते छापावं, ही विनंती. गावपातळीवर समुपदेशक नेमायचे तर वेगळ्या मानधनावर नेमा. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर नको. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, आणि त्याखाली समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता बसतो तेही लिहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मोर्शी (जि. अमरावती)